गावातलं छोटं हायस्कूल: खो-खोचा संघ आणि दहावीचा अभ्यास एकाच वेळापत्रकात

आठवी ते दहावी मिळून शंभराच्या आसपास मुलं, सात-आठ शिक्षक, एक मैदान आणि तेही पावसाळ्यात चिखलाचं. अशा शाळेत खेळणारी मुलं वेगळी आणि शिकणारी वेगळी असं नसतंच. संघातली बारा मुलं म्हणजेच वर्गातली पुढची-मागची बारा मुलं, आणि संघाला घेऊन तालुक्याला जाणारे सर म्हणजे बहुतेक वेळा गणिताचे किंवा विज्ञानाचे सर. त्यामुळे मैदानाचं वेळापत्रक एकाने आणि अभ्यासाचं दुसऱ्याने केलं की ऑगस्टमध्ये दोन्ही एकमेकांवर आदळतात.

तालुका आणि जिल्हा पातळीच्या शालेय स्पर्धा साधारण पहिल्या सत्रात होतात. दहावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे स्पर्धा आणि बोर्ड थेट एकमेकांच्या आड येत नाहीत. आड येतात त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बुडालेल्या आणि पुन्हा कधीच न भरलेल्या तासिका. “दहावीचं वर्ष आहे, खेळ बंद” हा उपाय म्हणूनच चुकीच्या दुखण्यावर आहे. तासिका भरून काढायची सोय जूनमध्ये करायची, ती कशी ते खाली येतंच.

आधी मोजणी, मग खेळ

जूनच्या पहिल्या आठवड्यात जनरल रजिस्टर घेऊन बसा. शालेय स्पर्धांचे वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे असतात आणि वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मोजतात. सोपा हिशोब असा: १७ खालच्या गटासाठी चालू सालातून १६ वजा करा, आलेल्या सालाच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेलं मूल चालतं. १४ खालच्या गटासाठी १३ वजा करा. आठवीतली बरीच मुलं या रेषेच्या दोन्ही बाजूंना पडतात. एका दिवसाच्या फरकाने बाद होणारं मूल जूनमध्येच कळलं तर त्याला मोठ्या गटात तयार करता येतं. सप्टेंबरमध्ये, पंचांच्या टेबलासमोर कळलं तर संघ मोडतो.

आता नावं मोजा. शंभर मुलांत मुलगे पन्नास, मुली पन्नास धरा. त्यातले वयात बसणारे, घरच्या कामातून सुटणारे आणि मनापासून येणारे असे हाताशी वीस उरतात. वीस जणांत तीन सांघिक खेळ होत नाहीत. एकच सांघिक खेळ निवडा, जोडीला मैदानी स्पर्धा ठेवा, आणि बाकीचे अर्ज भरायचा मोह टाळा. “नाव तरी लागू दे” म्हणून पाच खेळांत उतरवलेली शाळा पाचही खेळांत पहिल्या फेरीत घरी येते आणि दिवस मात्र पाच पट घालवते.

छोट्या शाळेला आमचा कौल खो-खोला. संघ बाराचा, मैदानात नऊ. साहित्यात दोन खांब आणि रेघा मारायची फक्की, बस. चेंडू नाही, जाळी नाही, दरवर्षी फाटणारं काही नाही. कबड्डीही स्वस्तच आहे, पण तिथे वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते आणि वाढत्या वयातली मुलं दोन महिन्यांत ती ओलांडून जातात. खो-खोत किडकिडीत मूलही उपयोगाचं. मुलींचा संघ उभा करायला तर हा सगळ्यात सोपा खेळ, कारण धावायची सवय आधीपासून असते. पालक कुरकुरले तर सांगायला एक गोष्ट हाताशी ठेवा: जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचेच.

बारासाठी सोळा तयार करा. पेरणी, आजारपण, मामाकडचं लग्न यांत चार जण कमी होतातच.

सरावाची वेळ एसटी ठरवते

शाळा साडेदहा ते पाच. वाडी-वस्तीवरून येणारी मुलं सकाळच्या गाडीने येतात आणि सव्वापाचच्या गाडीने जातात. सायंकाळचा सराव ठेवला की गावातली मुलं थांबतात, बाहेरची गाडी पकडायला पळतात, आणि महिनाभरात संघ आपोआप “गावातल्या मुलांचा” होतो. मुलींच्या बाबतीत तर हे हमखास. गाडी चुकली की पालक दुसऱ्या दिवसापासून सराव बंद करतात, आणि त्यांचं चुकत नाही.

म्हणून आधी एसटीचं वेळापत्रक कागदावर मांडा. पासावर येणाऱ्या मुली, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाडीने येणाऱ्या मुली, सायकलवाले, चालत येणारे अशी यादी करा. गाडी पावणेनऊला येत असेल तर सराव नऊ ते दहा दहा. आठवड्यातले चार दिवस पुरतात. शनिवारी शाळा सकाळची, तेव्हा सराव नको. ती वेळ दुसऱ्या कामासाठी राखून ठेवायची आहे.

सकाळच्या सरावाची अडचण एकच, मुलं उपाशी येतात. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे, नववी-दहावीला नाही, आणि तोही दुपारी. उपाशी पोटी तासभर धावलेलं मूल दुसऱ्या तासिकेला पेंगतं आणि मग शिक्षक म्हणतात खेळामुळे लक्ष नाही. दोष खेळाचा नाही, रिकाम्या पोटाचा आहे. सरावाआधी मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा एखादं केळं, आणि सराव संपल्यावर डब्यातली अर्धी भाकरी, असा नियमच करा. सराव दहा दहाला संपवायचा म्हणजे दहा दहालाच. ती वीस मिनिटं हात-पाय धुण्यासाठी आणि खाण्यासाठी आहेत, “अजून एक डाव” यासाठी नाहीत.

मैदान आखणं

खो-खोचं मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. लहान गटासाठी मापं लहान असतात, ती तालुक्याच्या नियोजन सभेत विचारून घ्या. खालची मापं मोठ्या मैदानाची आहेत.

लागणारं सामान: ३० किंवा ५० मीटरचा टेप, जाड सुतळीचं बंडल, बारा खुंट्या, हातोडी, फक्की आणि फक्की सोडायला तळाला भोकं पाडलेला डबा. फक्की म्हणजे बारीक दळलेली पांढरी भुकटी. तिच्या जागी कळीचा चुना कधीही वापरू नका. घाम आणि दव लागलं की तो तापतो, कातडी भाजते, आणि डोळ्यात गेला तर दवाखाना. खो-खोत मुलं जमिनीवर सूर मारतात, तोंड रेषेवरच येतं, हे लक्षात ठेवा.

एका कोपऱ्यात खुंटी मारा आणि लांबीच्या दिशेने २७ मीटर सुतळी ताणा. पहिल्या कोपऱ्यावर काटकोन काढण्यासाठी ६-८-१० ची युक्ती: ताणलेल्या सुतळीवर ८ मीटरवर खूण, रुंदीच्या दिशेला अंदाजे ६ मीटरवर दुसरी खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर १० मीटर येईपर्यंत दुसरी सुतळी सरकवत राहा. मग त्या दिशेला १६ मीटर मोजून खुंटी. दुसऱ्या टोकालाही तसंच. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा. ते ३१ मीटर ३८ सेंटिमीटर यायला हवेत आणि एकमेकांशी जुळायला हवेत. पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका, कोपरा सरकवा. इथला आळस शेवटच्या पाटीत (पाटी म्हणजे दोन रेघांमधला पट्टा) वाकडा दिसतो.

रुंदीच्या दोन्ही बाजूंच्या मध्यावर, म्हणजे ८ मीटरवर, खुणा करून मधली सुतळी ताणा. तिच्या दोन्ही अंगांना १५-१५ सेंटिमीटर धरलं की ३० सेंटिमीटरची मधली पाटी तयार. दोन्ही टोकांकडून दीड मीटर आत खांबरेषा. टोक आणि खांबरेषा यांच्यामधली जागा ती मुक्तक्षेत्र. दोन खांबरेषांमधलं अंतर बरोबर २४ मीटर भरतं.

आता आठ आडव्या पाट्या, प्रत्येकी ३५ सेंटिमीटर रुंद. खांबरेषेपासून पहिली पाटी २.५५ मीटरवर, आणि दोन पाट्यांमध्ये २.३० मीटर. नवशिक्या माणूस प्रत्येक वेळी मागच्या पाटीपासून टेप लावतो. तसं केलं की दर वेळी एक-दोन सेंटिमीटर सुटतात आणि आठव्या पाटीनंतर खांबापर्यंतचं अंतर हातभर चुकतं. टेपचं शून्य एका खांबरेषेवर धरा, टेप दुसऱ्या खांबरेषेपर्यंत एकदाच ताणा, आणि हलवू न देता या आकड्यांवर खुणा करत जा:

२.५५ ते २.९०
५.२० ते ५.५५
७.८५ ते ८.२०
१०.५० ते १०.८५
१३.१५ ते १३.५०
१५.८० ते १६.१५
१८.४५ ते १८.८०
२१.१० ते २१.४५

शेवटच्या खुणेपासून पुढे २.५५ मीटर उरले की काम बरोबर. हेच दोन्ही बाजूरेषांवरही करा आणि समोरासमोरच्या खुणा सुतळीने जोडा. मधली पाटी आणि आडवी पाटी जिथे छेदतात तो चौक, बसणाऱ्या खेळाडूची जागा.

फक्की मारायची एकूण रेघ ४२२ मीटर होते. रोज एवढी मारणं परवडत नाही आणि गरजही नाही. सरावासाठी मधली पाटी, खांबरेषा आणि चौकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर आडवी पाटी पुरते. बाहेरची चौकट सामन्याच्या आदल्या दिवशी. कोपरे आणि खांबरेषेची टोकं मात्र कायमची धरून ठेवा: जमिनीच्या पातळीत विटेचा तुकडा पुरा किंवा नायलॉन दोरीचा गोंडा जमिनीत दाबून त्याचं टोक दोन बोटं वर ठेवा. पाऊस येऊन गेला तरी पुन्हा काटकोन काढायला लागत नाही. खुणेसाठी लोखंडी खिळा कधीच नको.

खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर उंच, ९ ते १० सेंटिमीटर जाड, गोल आणि गुळगुळीत. तो मुक्तक्षेत्रात, खांबरेषेला टेकून उभा करायचा. जमिनीत निदान दोन फूट जायला हवा आणि भोवती मुरूम-दगड धुमसाने ठोकून बसवा. खांबाला धरून मूल पूर्ण अंगाने वळसा घेतं, तेव्हा तो हलला तर मनगट जातं. बाभळीचा बुंधा वापरला तर रंधा मारून, पॉलिश पेपर घासून घ्या. कुसळ तळहातात शिरलं की मूल पुढे महिनाभर खांब धरायला बिचकतं.

जमीन काळी असेल तर पावसात चिकटते आणि उन्हात भेगाळते. वरून मुरमाचा थर, हलकं पाणी, रोलर, पुन्हा पाणी असं दोन-तीनदा केलं तर हंगाम निघतो. मैदानाला एका बाजूला थोडा उतार हवा, नाहीतर पाणी बरोबर मधल्या पाटीत साचतं, कारण तिथेच पायांनी खड्डा पडलेला असतो. रोज सरावाआधी सगळ्या मुलांना एका ओळीत उभं करून मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत खडे वेचत न्या. पाच मिनिटं लागतात. अनवाणी खेळणाऱ्या संघाला याहून स्वस्त विमा नाही.

धावण्याचा ट्रॅक आणि गोळ्याचं वर्तुळ

चारशे मीटरचा ट्रॅक गावच्या मैदानात बसत नाही. दोनशेचा बसतो, साधारण ९२ मीटर × ४० मीटर जागा असेल तर. आतल्या अर्धवर्तुळाची त्रिज्या १५ मीटर घ्या, सरळ बाजू प्रत्येकी ५२.२५ मीटर. चार लेन, प्रत्येकी १.२२ मीटर. आतली कड उंचावलेली नसेल, नुसती फक्कीची रेघ असेल, तर धावण्याचं अंतर रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजतात. वरचा हिशोब तसाच केला आहे. पूर्ण फेरी लेनमध्येच धावायची असेल तर दुसऱ्या लेनची सुरुवात ७.६७ मीटर पुढे, तिसरीची १५.३३, चौथीची २३ मीटर पुढे. हे अंतर लेनच्या वळणावरून, त्याच २० सेंटिमीटरच्या रेषेवर मोजायचं. सरळ टेप ताणून मोजलं की बाहेरचा मुलगा फसतो.

गोळाफेकीचं वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचं. त्याच्या पुढचा कोन ३४.९२ अंशांचा, तो कोनमापकाने काढायच्या भानगडीत पडू नका. वर्तुळाच्या मध्यापासून दोन सुतळ्या २०-२० मीटर ताणा आणि त्यांच्या टोकांमधलं अंतर १२ मीटर ठेवा. कोन बरोबर येतो. दहावीच्या मुलांकडून हे करून घ्या, त्रिकोणमितीचा अर्धा धडा तिथेच होतो. लांब उडीचा खड्डा रोज फावड्याने खणून, वाळू हलकी ओली करूनच उड्या. कोरडी, बसलेली वाळू म्हणजे जमीनच.

सत्तर मिनिटं

खडे वेचल्यानंतर दहा मिनिटं अंग गरम करणं, पंधरा मिनिटं पायांचं काम, वीस मिनिटं एक कौशल्य, वीस मिनिटं डाव. रोज अख्खा तास डावच खेळणारे संघ तालुक्याला दिसतात. त्यांची मुलं दमदार असतात आणि फाऊल करत हरतात.

नव्या संघाचे फाऊल ठरलेले: बसलेल्याला हात न लागता नुसता “खो” ओरडणं, खो मिळण्याआधीच बूड उचलणं, उठल्यावर मधली पाटी ओलांडणं, आणि एकदा दिशा घेतल्यावर खांब न गाठता मागे वळणं. यातला तिसरा सगळ्यात चिवट. कारण साधं आहे: मूल उठताना पुढचा पाय पाटीत टाकतं. बसतानाच दोन्ही पायांचे चवडे बाजूला वळवून, मागची टाच किंचित उचलून बसायला शिकवा. मग पहिलं पाऊल आपोआप पाटीबाहेर पडतं. हे एकट्याने, संथ गतीने, वीस-वीस वेळा करून घ्यायचं. मधल्या पाटीच्या दोन्ही रेघांवर फक्की ताजी मारा. पाय पाटीला लागला की रेघ पुसते आणि मुलाला स्वतःलाच चूक दिसते, ओरडावं लागत नाही.

बचावात तीन-तीनच्या तुकड्या उतरतात. पहिल्या तुकडीत सगळे चांगले पळणारे घालायची चूक सर्रास होते. पहिली टिकते, दुसरी मिनिटभरात कोसळते आणि तिसरी घाबरून बाद होते. प्रत्येक तुकडीत एक भक्कम, एक मध्यम, एक नवा. नव्याला एकच काम द्या, साखळी घेऊन, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळत, सरळ खांबापर्यंत जाणं. रिंगण, म्हणजे बसलेल्यांभोवती गोल फिरत टिकणं, पुढच्या वर्षी.

वही ठेवा. दर पंधरवड्याला प्रत्येकाची ३० मीटर धाव आणि एकट्याने बचावात टिकलेला वेळ लिहा. संघनिवडीचा वाद या वहीने मिटतो. विशेषतः ज्यांचे वडील शाळा समितीवर आहेत त्यांचा.

पाय मुरगळला तर चोळायचं नाही. गावात पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो, तो अडवा. बर्फ किंवा गार पाण्याचं फडकं पंधरा-वीस मिनिटं, पाय उंचावर, पट्टी, आणि पाय टेकवत नसेल तर एक्स-रे.

बुडालेल्या तासिका

संघ तालुका आणि जिल्ह्यापर्यंत गेला, त्यातलीच मुलं मैदानी स्पर्धेला गेली, तर साधारण पाच दिवस जातात. आठ तासिकांचा दिवस धरला तर चाळीस तासिका. शिवाय सोबत गेलेल्या शिक्षकांच्या तासिका, ज्या खेळात नसलेल्या मुलांच्याही बुडतात. दुसरा भाग सगळे विसरतात, आणि पालकांची खरी तक्रार तिथूनच सुरू होते.

शिक्षकाच्या तासिका जाण्याआधी बदलून घ्या, आल्यावर नाही. गणिताचे सर बुध-गुरु नसणार असतील तर सोम-मंगळ भाषेच्या दोन तासिका त्यांना, बुध-गुरु त्यांच्या तासिका भाषेच्या शिक्षकांना. आल्यावर भरपाई म्हटलं की ती कोणाच्या तरी खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासिकेतून निघते आणि तीही अर्धी.

मुलांसाठी खरी युक्ती धड्यांच्या क्रमात आहे. काही प्रकरणं साखळीसारखी असतात, काही सुटी. भूमितीत समरूपता, पायथागोरसचं प्रमेय, वर्तुळ ही साखळी. वर्तुळातली स्पर्शिकेची प्रमेयं बुडाली की पुढचे दोन आठवडे मूल नुसतं फळ्याकडे बघतं. बीजगणितातलं अर्थनियोजन मात्र सुटं आहे. वस्तू व सेवा कराची उदाहरणं नंतर तीन बैठकांत करता येतात, मागचं-पुढचं काही अडत नाही. विज्ञानात प्रकाशाचं अपवर्तन आणि भिंगे जोडीने जातात, अवकाश मोहिमा कुठेही बसतात. तेव्हा स्पर्धेच्या तारखा कळल्या की त्या आठवड्यात सुटं प्रकरण आणा, साखळीचं प्रकरण आधी संपवा किंवा मागे सरकवा. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेनेच गेलं पाहिजे असं कोणी सांगितलेलं नाही. वार्षिक नियोजनात आधीच तसं लिहून मुख्याध्यापकांची सही घेतली की तपासणीतही प्रश्न येत नाही.

प्रत्येक खेळाडूला वर्गात राहणारा एक जोडीदार द्या. त्याच्या वहीत कार्बन घालून खाली सुटा कागद, म्हणजे फळ्यावरचं दोन प्रतींत उतरतं. मोबाइलवर फोटो पाठवणं सोपं असतं, पण ते फोटो बघितले जात नाहीत; कागद हातात आला की निदान वहीला लावला जातो. जोडीदार वर्गातला पहिला नको, नीट लिहिणारा हवा.

आणि शनिवार. शाळा सुटल्यापासून दुपारच्या गाडीपर्यंत मिळणारा तास-पाऊण तास हा भरपाईचा. त्यात पुन्हा शिकवायचं नाही. मुलाने आठवड्यात त्या कागदांवरून जे उतरवलं त्यातली पाच उदाहरणं समोर बसून सोडवायची, अडलं तिथेच सांगायचं. एका शनिवारी एकच विषय. गणित, विज्ञान, इंग्रजी असा फेरा ठेवा. इतिहास-भूगोल मुलं घरी वाचू शकतात. ज्याने शनिवार चुकवला त्याचा सोमवारचा सराव बंद, आणि हा नियम कर्णधारालाही. एकदा कर्णधार बाहेर बसला की नंतर कोणी चुकवत नाही.

आठवीच्या खेळाडूंकडे वेगळं बघा. एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतच असते. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर, प्रत्येकी ९० मिनिटांचे. निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. गावातल्या घराला हा आकडा छोटा नाही; बारावीपर्यंत मुलगी शाळेत टिकण्याचं ते एक ठोस कारण होतं. परीक्षा हिवाळ्यात येते, म्हणजे संघाचा हंगाम संपल्यावर सकाळची तीच नऊ ते दहा दहाची वेळ आठवीला बौद्धिक क्षमतेच्या सरावासाठी वापरा. मुलांना लवकर यायची सवय लागलेलीच असते.

दिवाळीनंतर

दिवाळीनंतर दहावीच्या मुलांचा सराव आठवड्यातून दोनदा, जानेवारीपासून संघसराव बंद. पूर्ण घरी बसवू नका. रोज वीस मिनिटं धावणं चालू ठेवा. चार महिने पळालेलं मूल एकदम थांबवलं की चिडचिडं होतं आणि अभ्यासालाही बसत नाही. सुटलेल्या सकाळी उत्तरं लिहायचा सराव. गणिताच्या दोन्ही भागांचे आणि विज्ञानाच्या दोन्ही भागांचे पेपर प्रत्येकी ४० गुणांचे, दोन तासांचे. सत्तर मिनिटांत अख्खा पेपर होत नाही, तेव्हा अर्धा घ्या, पण घड्याळ लावून. खेळाडू मुलांचा घोळ बहुधा उत्तर येण्या-न येण्याचा नसतो, लिहिण्याच्या वेगाचा असतो. लिहायचा हात सुटलेला असतो, आणि तो रोज दोन पानं लिहूनच बसतो.

राज्य पातळीवर गेलेला एखादा असेलच तर त्याच्यासाठी वेगळा कागद करा: कुठल्या विषयाचं कुठलं प्रकरण, कोण शिकवणार, कधी. सगळ्या शिक्षकांनी त्यावर सही करायची. तोंडी ठरवलेलं जानेवारीत कोणाला आठवत नाही.

कागदपत्रं

संघाची ऑनलाइन नोंदणी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय सांगेल त्या मुदतीत. शेवटच्या दिवशी गावात लाईट नसते आणि रेंजही नसते, म्हणून चार दिवस आधी. प्रत्येक मुलाचा फोटोसह बोनाफाईड, जन्मदाखला आणि आधारची प्रत एका प्लास्टिकच्या पाकिटात. तिन्हींवरचं नाव आणि जन्मतारीख अक्षरशः तीच हवी. “गणेश” आणि “गणेशा” एवढ्या फरकावर मुलं बाहेर बसलेली आहेत. चूक जूनमध्ये सापडली तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, पण कुठल्या पातळीला किती हे शासन आदेशाने ठरतं आणि बदलत आलं आहे. पालकसभेत आकडा सांगून टाकू नका. प्रस्ताव शाळेने करायचा आणि क्रीडा कार्यालयामार्फत बोर्डाकडे पाठवायचा असतो. स्पर्धेहून परतल्यावर प्रमाणपत्र मुलाच्या हातात देण्याआधी त्याच्या तीन झेरॉक्स काढा, मूळ प्रतीवर नाव आणि वयोगट बरोबर आहे का ते तिथेच, संयोजकांच्या टेबलापाशी बघून घ्या. घरी गेलेलं प्रमाणपत्र भिंतीवर चिकटवलं जातं, आणि फेब्रुवारीत ते खरवडून काढावं लागतं.